माशाला गोंडा

पोळा अजून पाच-सहा महिने लांब असताना गोंडे विचारायला येणारं गिऱ्हाईक एक तर फार हौशी असतं, नाहीतर वाट चुकलेलं असतं. फाल्गुनातल्या त्या बाजारच्या दिवशी दुकानासमोर उभ्या राहिलेल्या तरुणाला बघून वनमालानं दुसरा अंदाज बांधला. पाठीला सॅक, उन्हानं सोलवटलेलं नाक, आणि टांगलेल्या प्रत्येक गोंड्याखाली थांबून तो मान वर करून बघत होता. बैलवाल्या माणसाला एवढा वेळ लागत नाही.

पाटोद्याच्या बाजारात तिच्या वडिलांचं, त्रिंबकअण्णांचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, बैलाला लागणारं सगळं तिथं मिळायचं. लोकरीचे गोंडे मात्र वनमाला आणि तिची आई कौशल्याबाई घरीच वळायच्या. त्या दिवशी अण्णा नारायणगडाला दर्शनाला गेले होते, आई घरी होती आणि गल्ल्यावर वना एकटीच होती.

तिनं लाल-पिवळ्या गोंड्यांची एक भरगच्च जोडी समोर टाकली. त्यानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि संकोचून खाली ठेवली.

"एवढे मोठे न्हाई... बोटाच्या पेराएवढे पाहिजेत."

"पेराएवढा गोंडा? कुणाला बांधायचा, करडाला?"

"न्हाई." तो जरा घुटमळला. "माशाला."

वनानं त्याला नीट न्याहाळलं. शुद्धीवर दिसत होता.

"पोळ्याला मिरवणार हाय का तुमचा मासा?"

"मिरवणार न्हाई, फसणार हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर असा हसला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लाजल्यावर कान लाल होणारा माणूस वनानं त्याआधी पाहिला नव्हता. तिनं बसायला पोतं सरकवलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. नाव अजिनाथ. डोंगराकडच्या एका वस्तीवरचा. मत्स्य खात्यात नोकरी, आणि नेमणूक बीडला. शेततळ्यांतल्या माशांची देखरेख करणं हे त्याचं काम. बीडमध्ये माशांचा साहेब म्हटल्यावर लोक आधी आभाळाकडे बघतात आणि मग हसतात, म्हणून आता तो त्यांच्या आधीच हसून घेतो. शिकायला तो रत्नागिरीला गेला होता आणि तिथं परुळेकर सर नावाच्या एका म्हाताऱ्या माणसानं त्याला एक वेगळी मासेमारी शिकवली होती. सर जन्मभर जहाजांवर इंजिनिअर होते, त्यांनी हे कुठल्या तरी लांबच्या बंदरात उचललं होतं.

त्यानं सॅकमधून पत्र्याची डबी काढली. आत छोटे छोटे गळ होते आणि प्रत्येक गळावर पिसं, केस, चकाकता दोरा असं काहीबाही बांधलेलं. हलक्या काठीनं आणि दोरीच्या लयीनं हा गळ पाण्यावर अलगद सोडायचा. माशाला वाटतं कोळंबीच आली... की झालं. पण जागा महत्त्वाची. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूची लांबच लांब पुळण उघडी पडते, आणि पाणी परत चढायला लागलं की गुडघाभर पाण्यात मासे चरायला येतात. तिथं पायी चालत जायचं. मासा डोळ्यांनी हेरायचा. तो बोलत होता आणि वनाला त्या कडक उन्हात, शेणाच्या आणि सुतळीच्या वासात, गुडघाभर गार पाणी दिसायला लागलं होतं.

"सर हे सगळं सोता बांधायचे," अजिनाथ म्हणाला. "आता हात लई थरथरतात त्यांचे. बांधता येत न्हाई म्हणून पाण्यात जाणंच सोडलं. चैत्रात मी त्यांना घेऊन जाणार हाय. मी तिथं गेलतो तवा माझ्या पायात धड चप्पल नव्हती. त्यांनी मला जेवू घातलं, शिकवलं, पाण्यात उभं केलं. मला त्यांना एकदा पाण्यात उभं करायचंय... तेवढंच."

खरं तर वना नाही म्हणणार होती. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या दुकानातून माशाच्या गळाला गोंडा जाणं म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. पण उपकार लक्षात ठेवणाऱ्या माणसाला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं, कारण ती स्वतः त्याच जातकुळीची होती.

"मासा मारता का मग?" तिनं विचारलं.

"न्हाई. धरतो आणि सोडतो."

"मग किती जोड्या पाहिजेत?"

"जोड्या न्हाई, हरेक नमुन्याचा एक एक बांधा."

"आमी एकटा गोंडा इकत न्हाई," वना म्हणाली.

हा त्या दुकानाचा नेमच होता. बैल जोडीनं चालतात म्हणून गोंडे जोडीनं वळायचे, एकाला डावा पीळ, दुसऱ्याला उजवा. कुणाचा एक बैल गेला तर तो शेतकरी गेलेल्याचा गोंडा बैलाबरोबर मातीत घालायचा आणि राहिलेला दुकानात आणून द्यायचा. त्यासाठी भिंतीवर एक वेगळी खुंटी होती. नवा बैल येईपर्यंत तो गोंडा तिथं थांबायचा, अण्णा रोज त्याला उदबत्ती दाखवायचे, दुसरं कुणी हात लावायचं नाही. नवा बैल आला की अण्णा स्वतःच्या हातानं गोंडा खाली काढायचे आणि त्याची लोकर नव्या जोडीत मिसळून द्यायचे. अजिनाथच्या घरी कधी जमीन नव्हती, बैल नव्हते. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि वनानंही एवढं पुराण सांगितलं नाही.

"बरं, जोडीनं तर जोडीनं," तो म्हणाला. "मासे बी खूश होतील."

त्यानंतर प्रत्येक बाजारच्या दिवशी अजिनाथ यायला लागला. एवढ्याशा गळावर गोंडा बांधणं हे बैलाचा गोंडा वळण्यासारखं नव्हतं. वनानं गळ पकडीच्या तोंडात धरला, पकड गुडघ्यांत दाबली, आणि पहिल्याच खेपेला बोट टोचून घेतलं. अजिनाथ घाबरून रुमाल शोधायला लागला. रुमाल सापडेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा होतं, पण तिनं रुमाल घेतला आणि परत करायचं विसरली. दुसऱ्या खेपेला त्यानं तिला दोरा कसा ताणून धरायचा ते दाखवलं. दोऱ्याचं एक टोक त्याच्या चिमटीत, एक तिच्या. दोघांपैकी कुणी श्वास सोडला तरी दोरा हलायचा... आणि तो फार वेळ हलत होता.

शेळीचे केस घरच्याच शेळीचे. चकाकता दोरा झुलीच्या काठाचा. पिसांसाठी शेजारच्या केसरबाईंचा तांबडा कोंबडा उपयोगी पडला. वना रोज सकाळी त्याची गळालेली पिसं वेचायची, आणि केसरबाई कट्ट्यावरून विचारायच्या की पोरी, माझ्या कोंबड्यावर तुझा एवढा जीव कधीपासून जडला. वना म्हणायची, नवीन नमुना बसवतेय. कौशल्याबाई भाकरी थापता थापता लेकीकडे बघायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या. अण्णांनी एकदा ते बारके गोंडे तळहातावर घेऊन विचारलं, हे कशाला. शोभेचे आहेत, साहेबाची ऑर्डर आहे, असं वनानं सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, आणि त्या रात्री भाकरीचा घास तिला गोड लागला नाही.

एका दुपारी बाजार ओसरल्यावर अजिनाथनं काठी जोडून दाखवली. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं दोरी मागं फेकली, क्षणभर थांबला, मग पुढं सोडली. दोरी हवेत उलगडत गेली आणि पार पलीकडच्या बाभळीत जाऊन अडकली.

"मासा लई उंचावर बसलाय," वना म्हणाली.

"हसू नका. तुमी बघता म्हणून हात चुकला."

"मग समुद्रावर आमी न्हाई तेच बरं."

"न्हाई..." तो दोरी सोडवता सोडवता थांबला. "तिथं तर तुमी पाहिजेत."

हे बोलून तो बाभळीकडे असा वळला, जणू काटे मोजायचं सरकारी काम लागलंय. संध्याकाळी गोंडे वळताना वना तेच एक वाक्य परत परत वळत बसली.

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्या घरात गावाला जाणं म्हणजे ऊस तोडायला जाणं. दिवाळी झाली की आई आणि अण्णा कोयते, तवा, परात आणि पिठाची पोती घेऊन ट्रकवर चढायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. वना आधी त्यांच्याबरोबर फडावर, मग वसतिगृहात. तिला शाळेत राहता यावं म्हणून त्या दोघांनी हंगामामागून हंगाम काढले, मग हे दुकान थाटलं, आणि कोयते माळ्यावर टाकले. हे सगळं तिला पाठ होतं. म्हणूनच तिनं आजवर घरात कधी हट्ट केला नव्हता. ज्यांनी एवढं दिलं त्यांच्याकडे आणखी काय मागायचं, असं तिला मनापासून वाटायचं. आणि नेमकी हीच आता तिची अडचण होऊन बसली होती.

कारण मामानं स्थळ आणलं होतं. उत्तरेश्वरमामाच्या ओळखीतलं, अंबाजोगाईकडचं चांगलं घर, मुलगा मास्तर. नावं ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या बाजारी अजिनाथ सहलीचा दिवस पक्का करायला बसला. समुद्र घड्याळावर नाही, तिथीवर चालतो, असं तो म्हणाला. पौर्णिमा उलटली की दोनेक दिवसांनी सकाळी सकाळी मोठी ओहोटी लागते, ऊन चढता चढता पाणी परत येतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तेच सोयीचं. वनानं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. हनुमान जयंतीनंतरचा, चैत्र वद्य द्वितीयेचा दिवस त्यानं बोटानं दाखवला. त्याच ओळीत पुढं पंचमीभोवती आईनं पेनानं गोल केला होता.

"पंचमीला काय हाय?" त्यानं सहज विचारलं.

"पाहुणे येणारेत."

"कुठले?"

"बघायला."

अजिनाथ "बरं..." म्हणाला. मग त्यानं रीळ उचललं, दोरा उलगडला, परत गुंडाळला. वना वाट बघत होती. त्यानं एक शब्द विचारावा, कोण, कुठला, तुमचं काय म्हणणं, काहीही. पण शेततळ्यात किती पाण्यात किती मासे राहतील हे अचूक सांगणाऱ्या या माणसाला एवढं साधं विचारता आलं नाही. तो गेल्यावर तिला त्याचा असा राग आला की तिनं त्याच्या रुमालानं दुकानातली धूळ पुसली. मग तो धुतला, वाळवला आणि घडी करून ठेवला.

शेवटची जोडी तिनं हनुमान जयंतीच्या आदल्या आठवड्यात बांधली. तांबडं पीस, काळे केस आणि मध्ये तिच्या वसतिगृहातल्या जुन्या लाल स्वेटरची लोकर. तो स्वेटर आईनं फडावरून आल्यावर पहिल्यांदा विकत घेतलेला. डावा पीळ, उजवा पीळ. दोन्ही समोर ठेवून ती बराच वेळ बसली. मग तिनं डाव्या पिळाचा डबीत ठेवला, आणि उजव्या पिळाचा, स्टुलावर चढून, भिंतीवरच्या त्या खुंटीला अडकवला. जोड हरवलेल्या मोठमोठ्या गोंड्यांमध्ये तो एवढासा गोंडा दिसतही नव्हता. पण तिला दिसत होता. तोंडानं मागता येत नव्हतं ते तिनं खुंटीला टांगलं होतं.

अजिनाथ आला, डबी घेतली, लई उपकार झाले म्हणाला. दारात थांबला. काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि पायऱ्या उतरून गेला. डबी उघडून आतले गोंडे मोजलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. अण्णा गल्ल्यावर बसले होते, वना आणि कौशल्याबाई आत लोकर पिंजत होत्या. बाहेर मोटारसायकल थांबली आणि अजिनाथचा आवाज आला.

"अण्णा, राम राम. ऑर्डर नेली मी काल. त्यात एक कमी हाय."

आत वनाच्या हातातली लोकर थांबली.

"कमी?" अण्णा म्हणाले. "आमच्याकडं जोडीच जाती, सायेब."

"व्हय, तेच म्हणतो. सगळ्या जोड्या हायेत, ह्या लालाचा तेवढा एकच निघाला. चुकून ऱ्हायला आसंल. तुमच्यात एकटा देत न्हाईत म्हणून म्हणलं आणून दाखवावा..."

अण्णांनी तो तळहातावर घेतला. पीळ बघितला. मग रोजच्या सवयीनं त्यांची नजर खुंटीकडे गेली. सकाळी उदबत्ती दाखवताना खुंटीवर काहीतरी बारीक लाल त्यांना जाणवलं होतं, पण लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. वाऱ्यानं घुंगरमाळ किणकिणली. अजिनाथनंही त्यांच्या नजरेमागं नजर नेली. खुंटीचं पुराण त्याला माहीत नव्हतं, पण जोड मुद्दाम मागं ठेवलाय एवढं कळायला पुराण लागत नाही. त्याचे कान पेटले.

"बस," अण्णा म्हणाले. "हे कशाला लागतात ते आता तू सांग. लेकीनं मला शोभेचे हायेत म्हणून सांगितलंय."

अजिनाथनं सांगितलं. समुद्र, मासा, गळ, सर, काहीच झाकलं नाही. गळ्यातल्या माळेवर बोट ठेवून अण्णा ऐकत होते.

"धरून सोडतो म्हणतोस. सोडायचा तर धरायचा कावून?"

"मला नीट सांगता येत न्हाई, अण्णा. तो हाय, एवढं हाताला कळतं."

"टोचत आसंल की त्याला."

"टोचतं. गळाचं उलटं टोक दाबून टाकतो आमी, तरी टोचतं. तुमच्याम्होरं खोटं न्हाई बोलणार."

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. तिथं वेसणींचा झुपका लोंबत होता. बैलाच्या नाकातून दोरी घालताना बैल काय करतो हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. मग त्यांनी आत हाक मारली. वना दारात येऊन उभी राहिली, ओढणीला लोकर चिकटलेली.

"वना, ही जोडी चुकून मोडली का तू मोडली?"

तिनं अजिनाथकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"मी मोडली, अण्णा."

"मग आमाला सांगायचं न्हाई? पंचमीला पाहुणे बोलावलेत आमी."

"तुमी माझ्यापायी एवढं केलं... आणखी काय मागू?"

मागून कौशल्याबाई आल्या होत्या. उत्तर त्यांनीच दिलं, आवाज न चढवता. "मग आमी कोयता कशापायी चालवला गं? तू तोंड दाबून बसावं म्हणून?"

वनाच्या डोळ्यांना पाणी आलं. इतकी वर्षं ती ज्या उपकारांच्या ओझ्याखाली गप्प राहत आली होती, ते ओझं आई-अण्णांनी कधी तिच्या डोक्यावर ठेवलंच नव्हतं. तिनंच उचलून घेतलं होतं.

अण्णांनी दिनदर्शिका मागितली. समुद्राची ओहोटी कोणत्या तिथीला म्हणालास, त्यांनी विचारलं. द्वितीया ऐकल्यावर त्यांची मान हलली. समुद्रसुद्धा तिथी पाळतो हे त्यांना मनापासून आवडलं होतं.

"द्वितीया आधी येती, पंचमी मागून," ते म्हणाले. "आमी बी येतो समुद्राला. मासा बघायला न्हाई. तुझ्या त्या सरांना बघायचंय मला. माणूस उपकार कसा फेडतो ते एकदा बघितलं की बाकीचं इचारावं लागत न्हाई."

अशा रीतीनं मुलगी बघायच्या आधी समुद्र बघायचा कार्यक्रम ठरला. जीप ठरली, सरांना फोन झाला. कौशल्याबाईंनी पीठ, तवा, परात, काटवट, मिरच्यांचं गाठोडं आणि चुलीला तीन दगडसुद्धा बांधले. तिथं दगड असतात, अजिनाथनं फोनवर सांगितलं. पण त्यांना गावाबाहेर जायची तेवढीच रीत माहीत होती. निघताना जीपमध्ये बसल्यावर त्या सारख्या काहीतरी विसरल्यासारख्या हाताजवळ चाचपत होत्या. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्यांनाच उमगलं.

"कोयता घेतला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. वनानं त्यांचा हात धरला आणि घाट उतरेपर्यंत सोडला नाही.

द्वितीयेच्या सकाळी पाणी पार लांब गेलं होतं. वनाला वाटलं होतं समुद्र म्हणजे पुष्कळ पाणी. समोर होती ती ओली, चमकती वाळू, तिच्यावर पसरलेलं आभाळ, आणि दूर टोकाला पाण्याची एक बारीक रेघ. वाऱ्याला मिठाचा वास होता. तिनं चपला काढल्या. वाळू पायाखाली गार आणि जिवंत होती, प्रत्येक पावलाला पाणी वर यायचं आणि परत जिरायचं.

परुळेकर सर अंगानं काडी, डोक्याला जुनी टोपी, आणि बोलणं मऊ. त्यांनी डबी उघडली आणि वनाचे गोंडे एकेक करून उन्हात धरले. त्यांचे हात खरोखर फार थरथरत होते. "मुली," ते म्हणाले, "माझ्या हातांनी मला सोडलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. तू तर मला नवे हात पाठवलेस." वनानं वाकून नमस्कार केला.

पाणी चढायला लागलं तसं अजिनाथ सरांना घेऊन आत गेला. त्यानं एक हात त्यांच्या पाठीशी ठेवला होता, एक कोपराखाली, आणि लाट आली की स्वतः तिच्या बाजूला होत होता. सरांनी काठी मागं नेली, थांबले, पुढं सोडली. काठी हातात असताना हात थरथरत नव्हते, की थरथरत होते आणि कुणाला दिसत नव्हते, कोण जाणे. दोरी उलगडत गेली. दोनदा, चारदा, कितीदा तरी. आणि मग पाणी फुटलं, काठी वाकली, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून लहान मुलासारखं हसू निघालं.

रावस होता, रुपेरी, हातभर. अजिनाथनं हात ओले करून त्याला पाण्यातच धरला आणि गळ सोडवला. अण्णा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले होते, माळ एका हातानं छातीशी धरून. सर म्हणाले, तुमच्या हातानं सोडा. अण्णा थांबले. मग त्यांनी हात पाण्यात घातला. मासा क्षणभर त्यांच्या तळहातावर टेकला, गार, धडधडता, आणि शेपटीच्या एका झटक्यात गेला. अण्णांनी ओले हात जोडले.

"दर्शन घेतो आन माघारी फिरतो," ते पुटपुटले. "देव का घरी आणतो आपण?" सोडायचा तर धरायचा कावून, याचं उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं होतं.

सरांना वाळूवर बसवून, कौशल्याबाईंच्या तीन दगडांवर चहा ठेवून झाल्यावर अजिनाथ वनाजवळ आला. त्याच्या टोपीच्या डाव्या बाजूला तो लाल गोंडा टोचलेला होता.

"हा पाण्यात टाकला न्हाई का?" तिनं विचारलं.

"हा हरवला तर... दुसरा कुठून आणू?"

"तुमी त्या दिवशी काहीच इचारलं न्हाई. पाहुणे येणार म्हणलं, तर बरं म्हणला."

"मला वाटलं, तुमी घरच्यांना कधी दुखवणार न्हाई. आन ते मला बी आवडत होतं. मग कोणत्या तोंडानं इचारू?" तो पायानं वाळू उकरत होता. "आता इचारू का?"

"इचारा."

"समुद्र चढतोय, सर थकलेत, तुमचे अण्णा बघायलेत, आन मला एवढंच म्हणायचंय की..." त्याचे कान लाल झाले आणि पुढचा शब्द निघेना. "मला एकट्याला माघारी जायचं न्हाई."

वना उत्तर देणार एवढ्यात मागून अण्णा आले. ओल्या धोतराचं पाणी टपकत होतं. त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि हात पुढं केला. आत उजव्या पिळाचा लाल गोंडा होता.

"खुंटीवरनं काढलाय," ते म्हणाले. "निघायच्या दिवशी पहाटंच काढला. उत्तरेश्वरला बी फोन केला, पाहुण्यांची माफी मागून घे म्हणून."

वनानं गोंड्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. त्या खुंटीवरचा गोंडा अण्णा कधी काढतात हे लहानपणापासून तिला माहीत होतं. म्हणजे सरांना बघायच्या आधी, समुद्र बघायच्या आधी, घर सोडायच्याही आधी त्यांनी ठरवलं होतं. लोक बघत असताना ती अण्णांच्या गळ्यात पडली, आणि गालांवरचं खारं पाणी नेमकं कशाचं हे कुणी विचारलं नाही.

मग तिनं पुडीतला गोंडा उचलला. अजिनाथनं मान खाली केली आणि तिनं तो त्याच्या टोपीला उजव्या बाजूनं टोचला. या वेळी गळ बोटाला लागला नाही.

"दुकानाचा नेम मोडला न्हाई मी," तिनं अण्णांना सांगितलं.

"न्हाई मोडला," अण्णा म्हणाले.

पाणी त्यांच्या पावलांवर आलं होतं. चुलीपाशी कौशल्याबाई रिकामे हात मांडीवर ठेवून समुद्राकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हाक दिली की या आता लवकर, चहा निवतोय आणि दगड भिजायला लागलेत.